आधी तारखांचा रकाना

मावळातल्या वराळे गावापासून गहुंजेचं क्रिकेट स्टेडियम फार लांब नाही. तळेगाव दाभाडे ओलांडून देहूरोडच्या दिशेने आलं, की द्रुतगती महामार्गाच्या अंगाला प्रकाशझोतांचे उंच खांब दिसू लागतात. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं हे मैदान २०१२ मध्ये सुरू झालं आणि बहुतेकांना ते आयपीएलमुळे माहीत झालं. २६ मे २०२२ च्या संध्याकाळी तिथे महिलांच्या टी-२० चॅलेंज स्पर्धेतला सामना होता. ट्रेलब्लेझर्सनी १९० धावा केल्या होत्या. त्यांची कर्णधार सांगलीची स्मृती मानधना. उत्तरादाखल व्हेलॉसिटीकडून मैदानात उतरली सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरे. एवढ्या मोठ्या मंचावर खेळण्याची तिची ही पहिलीच संधी. तिने २५ चेंडूंत अर्धशतक ठोकलं आणि ३४ चेंडूंत ६९ धावा करून ती परतली. व्हेलॉसिटी सामना हरली, पण धावगतीच्या हिशेबात तरली आणि अंतिम फेरीत पोहोचली. दोनच दिवसांनी त्याच मैदानावरच्या अंतिम सामन्यात किरण शून्यावर बाद झाली. संघ चार धावांनी हरला.

तरीही ते ६९ वाया गेले नाहीत. त्याच वर्षी १० सप्टेंबरला इंग्लंडमध्ये चेस्टर-ल-स्ट्रीटला किरणला भारताची कॅप मिळाली. ती सहा आंतरराष्ट्रीय टी-२० सामने खेळली, एकूण धावा झाल्या १७, आणि संघातलं स्थान गेलं. त्या आधी, एप्रिल २०२२ मध्ये, नागालँडकडून पाहुणी खेळाडू म्हणून खेळताना तिने अरुणाचल प्रदेशविरुद्ध ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा केल्या होत्या. टी-२० मध्ये दीडशेच्या पुढे गेलेली ती पहिली भारतीय महिला. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध तिने ३४ चेंडूंत शतक पूर्ण केलं. महिलांच्या टी-२० मध्ये इतक्या कमी चेंडूंत तोवर कुणीच शतक केलं नव्हतं.

आता हिची आंतरराष्ट्रीय कारकीर्द किती? सहा सामने आणि १७ धावा, असं आकडेवारीचं पान सांगतं. पान खोटं बोलत नाही, पण पुरतं खरंही सांगत नाही. पुरुष खेळाडूच्या आकडेवारीवरून आपण त्याचा दर्जा ताडतो, कारण त्याला भरपूर सामने मिळाले आहेत हे गृहीत असतं. महिला क्रिकेटपटूच्या आकड्यांमध्ये तिच्या खेळाच्या आधी तिला मिळालेल्या सामन्यांचा हिशेब असतो. ती किती चांगली होती, हे विचारण्याआधी तिला खेळायला कधी मिळालं, किती काळ मिळालं नाही आणि मधल्या वर्षांत तिने काय केलं, हे पाहावं लागतं. म्हणून महाराष्ट्रातल्या महिला क्रिकेटपटूंवरच्या या लेखसंग्रहातल्या कारकिर्दी वाचताना सरासरीचा रकाना नंतर बघावा, आधी तारखांचा बघावा.

सुरुवात पुण्यापासूनच करावी लागते. भारतीय महिला क्रिकेट संघटना १९७३ मध्ये उभी राहिली आणि महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुण्यात भरली. संघ तीनच: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तीन संघांची 'राष्ट्रीय' स्पर्धा म्हटल्यावर आज हसू येईल. पण त्याच वर्षाच्या अखेरीस वाराणसीला झालेल्या दुसऱ्या स्पर्धेत आठ संघ होते आणि कलकत्त्याच्या तिसऱ्या स्पर्धेत चौदा. मुली खेळायला तयारच होत्या, फक्त कुणी बोलावत नव्हतं, एवढं या आकड्यांवरून कळतं. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील महिला संघ भारतात आला आणि पुणे, दिल्ली, कलकत्ता इथे तीन अनधिकृत कसोटी सामने झाले. भारताने तीन सामन्यांना तीन वेगवेगळ्या कर्णधार नेमल्या. त्यांत महाराष्ट्राच्या उज्ज्वला निकम होत्या.

शुभांगी कुलकर्णी याच वातावरणात वाढल्या. जन्म १९ जुलै १९५९, पुणे. गोलंदाजी लेगस्पिन, म्हणजे ज्या कलेत हात बसायला वर्षं लागतात आणि मार खायची तयारी ठेवावी लागते ती. ३१ ऑक्टोबर १९७६ ला बंगळूरला वेस्ट इंडिजविरुद्ध भारतीय महिलांची पहिली अधिकृत कसोटी सुरू झाली. सतरा वर्षांच्या शुभांगींनी पदार्पणातच डावात पाच बळी घेतले. त्याच मालिकेत नोव्हेंबरात पाटण्याला शांता रंगास्वामींच्या नेतृत्वाखाली भारताने पहिला कसोटी विजय मिळवला. सहा कसोटींची ती मालिका १-१ अशी सुटली. जानेवारी १९७७ मध्ये संघ न्यूझीलंडला गेला, ड्युनेडिनला एक कसोटी खेळला आणि परतीच्या वाटेवर पर्थला ऑस्ट्रेलियाविरुद्ध एक. तीन महिन्यांत आठ कसोटी.

त्यानंतरची कसोटी थेट १९८४ मध्ये!

मधली सात वर्षं रिकामी आहेत. १९७८ आणि १९८२ च्या विश्वचषकांमुळे एकदिवसीय सामने तेवढे झाले, तेही दातांवर मारायला पैसा नसलेल्या संघटनेच्या जिवावर. १९८२ ला न्यूझीलंडला जाण्याचा खर्च खेळाडूंनाच उभा करावा लागला होता. अनारक्षित डब्यातला प्रवास, वसतिगृहाच्या जमिनीवर टाकलेल्या गाद्या, संघभर फिरणाऱ्या दोन-चार बॅटी या त्या पिढीच्या आठवणी अनेकींच्या तोंडून आल्या आहेत. त्या ऐकताना आपलं लक्ष हालअपेष्टांकडे जातं. क्रिकेटच्या दृष्टीने त्याहून मोठं नुकसान वेगळंच होतं. लेगस्पिनरची सतराव्या वर्षी दिसलेली चमक पंचविशीपर्यंत मोठ्या सामन्यांत घासली जाते, तेव्हा ती परिपक्व होते. शुभांगींच्या बाबतीत नेमकी हीच वर्षं कसोटीविना गेली.

१९८४ ला ऑस्ट्रेलिया आली, १९८५ ला न्यूझीलंड, १९८६ ला भारत इंग्लंडला गेला. शुभांगींना १९८५ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे तीन कसोटींत कर्णधारपदही त्यांच्याकडे होतं. हा काळ भरातला म्हणावा, तर १९८६ नंतर पुन्हा शांतता. १९८८ च्या विश्वचषकाला भारताने संघच पाठवला नाही. पुढची कसोटी मालिका १९९१ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात झाली आणि त्याच वर्षी शुभांगी निवृत्त झाल्या. कारकीर्द पंधरा वर्षांची, कसोटी १९, बळी ६०. भारतीय महिलांच्या कसोटी बळींच्या यादीत त्यांच्या पुढे एकट्या डायना एदलजी आहेत, २० कसोटींत ६३ बळी. ही यादी आजही बदललेली नाही. त्यात या दोघींचं मोठेपण आहेच. पण नंतरच्या गोलंदाजांना या आकड्यांच्या जवळ जाण्याइतक्या कसोटीच मिळाल्या नाहीत, हेही आहे. झूलन गोस्वामी १९ वर्षांच्या काळात १२ कसोटी खेळली.

शुभांगींच्या कारकिर्दीचा दुसरा भाग मैदानाबाहेरचा आहे आणि तो तितकाच महत्त्वाचा. २००६ मध्ये महिला क्रिकेट संघटना बीसीसीआयमध्ये विलीन झाली, तेव्हा त्या संघटनेच्या सचिव होत्या. ज्या संस्थेने आपल्याला घडवलं ती विसर्जित करण्याच्या कागदांपर्यंत तिला नेणं हे सोपं काम नसावं. पण स्वतंत्र राहून उपाशी राहण्यापेक्षा श्रीमंत घरात जागा मागावी, हा हिशेब तेव्हाच्या परिस्थितीत बरोबर होता. मुलींना चांगली मैदानं, प्रशिक्षक आणि विमानाची तिकिटं मिळू लागली.

सामने मात्र लगेच मिळाले नाहीत. ऑगस्ट २००६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर भारतीय महिला पुढची कसोटी खेळल्या ती ऑगस्ट २०१४ मध्ये, इंग्लंडमधल्या वर्म्सलीला. त्या अकराजणींत आठजणी पहिल्यांदाच कसोटी खेळत होत्या आणि भारत सहा गडी राखून जिंकला. पदार्पण करणाऱ्यांत अठरा वर्षांची स्मृती मानधना होती. तिच्या धावा २२ आणि ५१. नोव्हेंबर २०१४ ला म्हैसूरला आणखी एक कसोटी झाली. मग जून २०२१ पर्यंत नाही. शुभांगींच्या पिढीने संघटनेकडे पैसा नसताना सात वर्षं वाट पाहिली. स्मृतीच्या पिढीने जगातल्या सर्वांत धनवान क्रिकेट मंडळाच्या छत्राखाली साडेसहा वर्षं वाट पाहिली. पैशाने बरेच प्रश्न सुटतात, पण वेळापत्रकात जागा करायला इच्छा लागते, आणि ती उशिरा आली.

या उशिराची किंमत महाराष्ट्राच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूंनी मोजली. कोल्हापूरची ऑफस्पिनर अनुजा पाटील २०१२ च्या टी-२० विश्वचषकात गॉलला पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळली आणि तिच्या नावावर ५० आंतरराष्ट्रीय टी-२० सामने जमा झाले. एकदिवसीय सामना एकही नाही, कसोटीही नाही. चार षटकांत फलंदाजाला जखडून ठेवणारी गोलंदाज दहा षटकांच्या किंवा दिवसभराच्या खेळात काय करते, हे कुणाला कळलंच नाही.

पुण्याच्या देविका वैद्यची गोष्ट तारखांनीच सांगता येते. पहिला आंतरराष्ट्रीय टी-२० सामना ३० नोव्हेंबर २०१४, बंगळूर, तेव्हा वय सतरा. मग २०१६ पासून काही एकदिवसीय सामने, त्यांत फेब्रुवारी २०१७ मध्ये कोलंबोला श्रीलंकेविरुद्ध ८९ धावा. पुढे दुखापती, संघाबाहेर राहणं, देशांतर्गत क्रिकेट. दुसरा आंतरराष्ट्रीय टी-२० सामना ९ डिसेंबर २०२२. पहिल्या आणि दुसऱ्या सामन्यात आठ वर्षांचं अंतर! दोनच दिवसांनी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध शेवटच्या चेंडूवर भारताला जिंकायला पाच धावा हव्या होत्या. देविकाने चौकार मारला, सामना १८७ वर बरोबरीत सुटला आणि सुपर ओव्हरमध्ये भारत जिंकला. स्मृतीने त्या सामन्यात ४९ चेंडूंत ७९ धावा केल्या. मैदान तुडुंब होतं. पण त्या चौकारामागे नेटमधली आठ वर्षं होती आणि त्यांची नोंद कुठल्याही धावफलकात नाही.

स्मृतीची कारकीर्द या सगळ्यांत वेगळी वाटते, कारण ती पूर्ण भरलेली दिसते. जन्म १८ जुलै १९९६, मुंबई. बालपण सांगलीजवळ माधवनगरला. वडील आणि भाऊ क्रिकेट खेळणारे. भावाच्या मागे मैदानावर जाणारी ही मुलगी नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात आणि अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालील संघात पोहोचली. तेव्हा मुलींसाठी वयोगटांच्या पायऱ्याच इतक्या थोड्या होत्या, की लहान वयात मोठ्यांबरोबर खेळण्यावाचून गत्यंतर नसे. तिच्यातल्या गुणाला ते मानवलं, अनेकींना मानवलं नसेल. एप्रिल २०१३ मध्ये तिने बांगलादेशविरुद्ध भारताकडून पदार्पण केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात वडोदऱ्याला पश्चिम विभागाच्या एकोणीस वर्षांखालील स्पर्धेत गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत २२४ धावा केल्या.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बिग बॅश लीगमध्ये खेळताना गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. पाचएक महिन्यांत सावरून ती विश्वचषकात उतरली आणि पहिल्या दोन सामन्यांत ९० व नाबाद १०६ करून गेली. लॉर्ड्सवर भारत ती अंतिम लढत नऊ धावांनी हरला, पण महिला क्रिकेट घराघरांत पोहोचलं. २०१८ आणि २०२१ या दोन्ही वर्षांसाठी ती आयसीसीची सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू ठरली. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५० चेंडूंत शतक झालं. एकदिवसीय सामन्यांत त्याहून कमी चेंडूंत शतक कुणाही भारतीयाने, पुरुषानेही, तोवर केलं नव्हतं. त्या वर्षीच्या विश्वचषकात तिच्या ४३४ धावा झाल्या. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारतीय महिलांनी पहिल्यांदा विश्वचषक उचलला, तेव्हा ती उपकर्णधार होती.

एवढ्या मोठ्या खेळाडूच्या नावावर कसोटी पदार्पणानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत किती कसोटी होत्या? सात. १९७६-७७ च्या त्या तीन महिन्यांतल्या आठांपेक्षा एक कमी. त्या सातांत ऑस्ट्रेलियातल्या कॅरारा मैदानावरचं १२७ आहे, भारतीय महिलांच्या पहिल्या दिवस-रात्र कसोटीतलं. चेन्नईचं १४९ आहे आणि त्या डावात शफाली वर्माबरोबरची २९२ धावांची सलामी आहे. कसोटीला लागणारा धीर आणि तंत्र तिच्याकडे आहे हे दिसतं. मापायला सामने अपुरे पडतात.

पैशाच्या बाजूने बदल झपाट्याने झाला आणि तोही तारखांनीच समजतो. महिलांना बीसीसीआयचे वार्षिक करार २०१५ मध्ये पहिल्यांदा मिळाले, वरच्या श्रेणीला १५ लाख रुपये. ऑक्टोबर २०२२ मध्ये सामन्याचं मानधन पुरुषांइतकं झालं: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला सहा, टी-२० ला तीन. फेब्रुवारी २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगच्या (डब्ल्यूपीएल) लिलावात स्मृतीला तीन कोटी ४० लाख मिळाले आणि किरण नवगिरेला ३० लाख. आंतरराष्ट्रीय संघाबाहेर असलेल्या खेळाडूला क्रिकेटवर घर चालवता येण्याची ही पहिलीच सोय. किरणच्या २०२५ च्या शतकामागे ही सोय आहे. शुभांगींच्या काळात संघाबाहेर गेलेल्या खेळाडूला रेल्वेची किंवा बँकेची नोकरी हाच आधार होता, तोही थोड्याजणींना.

मग मावळातल्या मुलीला यातलं किती मिळतं? इथे क्रिकेट काही नवं नाही. भाताची कापणी झाली की खाचरांत टेनिस बॉलचे सामने रंगतात, गावोगावी चषक लागतात. पण ते मुलग्यांचे. मुलीला लेदर बॉल, नेट आणि शिकवणारं माणूस हवं असेल, तर वराळ्यातून आधी तळेगाव स्टेशन आणि तिथून लोकलने चिंचवड-पिंपरी किंवा पुणे, पाठीवर किट घेऊन. शाळा सुटल्यावर निघालेली मुलगी अंधार पडल्यावर घरी येते. तिला आणायला स्टेशनवर कोण जाणार, हा प्रश्न किट विकत घेण्याच्या प्रश्नाआधी घरात येतो. गहुंजेचं स्टेडियम शेजारी असल्याने तो सुटत नाही, कारण मोठं स्टेडियम सामने दाखवतं, रोजचा सराव गावातल्या आणि शाळेतल्या मैदानावरच होतो.

तरी शिडीच्या मधल्या पायऱ्या आता भरू लागल्या आहेत. २०२२-२३ पासून बीसीसीआयने पंधरा वर्षांखालील मुलींची स्पर्धा सुरू केली. २०२३ मध्ये एकोणीस वर्षांखालील महिलांचा टी-२० विश्वचषक आला, तो भारताने जिंकला आणि २०२५ मध्ये पुन्हा जिंकला. दुसऱ्या वेळच्या चमूत महाराष्ट्राच्या ईश्वरी अवसरे आणि भाविका अहिरे होत्या. जून २०२४ मध्ये महाराष्ट्राची महिला प्रीमियर लीग चार संघांनिशी गहुंजेलाच सुरू झाली. पुण्याची तेजल हसबनीस ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदाबादला न्यूझीलंडविरुद्ध पहिला एकदिवसीय सामना खेळली आणि ४२ धावा करून आली. तोवर तिचं वय सत्तावीस झालं होतं आणि मागे राज्य संघाकडून खेळलेली कितीतरी वर्षं होती.

या संग्रहाची मांडणी याच समजुतीवर केली आहे. प्रत्येक खेळाडूच्या लेखाच्या सुरुवातीला तिच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या तारखा दिल्या आहेत आणि सहा महिन्यांहून मोठी खिंडारं ठळक केली आहेत. लेखांमध्ये त्या खिंडारांत ती कुठल्या संघाकडून, कुठल्या मैदानांवर खेळत होती आणि पोटापाण्यासाठी काय करत होती, याचा माग घेतला आहे. सामन्यांची वर्णनं आहेत, पण ती लांबवलेली नाहीत. खाजगी आयुष्यातल्या घडामोडी कारकिर्दीवर थेट परिणाम झाला असेल तिथेच येतात. मुंबईच्या खेळाडूंवर स्वतंत्रपणे लिहिण्यासारखं इतकं आहे, की डायना एदलजींपासून जेमिमा रॉड्रिग्जपर्यंतच्या त्या परंपरेला इथे फक्त संदर्भापुरती जागा दिली आहे. उरलेल्या महाराष्ट्राला, म्हणजे पुणे, सांगली, कोल्हापूर आणि सोलापूरला, मुख्य जागा आहे. पहिला लेख बंगळूरच्या १९७६ च्या कसोटीपासून सुरू करता आला असता. तो त्याऐवजी पुण्यातल्या एप्रिल १९७३ पासून सुरू होतो, कारण त्या तीन संघांत खेळलेल्या बहुतेकजणी पुढे कधीच भारताकडून खेळल्या नाहीत आणि त्यांच्याशिवाय शुभांगी कुलकर्णींना खेळायला संघ मिळाला नसता.